"थंडीनं जळालं" म्हणून बोलावलं, निघालं भलतंच: जुळे सोलापुरातल्या एका बंगल्यातल्या शोभेच्या गवताची केस

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला, "अरे ये की जरा, सगळं गवत थंडीनं जळालंय." सोलापुरात थंडीनं गवत जळालं हे ऐकून मला खरं सांगायचं तर हसूच आलं. आपली थंडी म्हणजे काय, तर पहाटे गाडीवर कानाला मफलर आणि साडेदहाला स्वेटर डिकीत. जानेवारीत सुद्धा रात्रीचं सरासरी १५-१६ आणि दुपारचं ३०-३१, त्यात कधीतरी चार-आठ दिवस पारा अजून खाली जातो आणि लोक गल्लीत शेकोटी करतात तेवढंच. बर्फ नाही, दव गोठणं नाही. पण काका रिटायर्ड माणूस, उगीच फोन करणारे नाहीत, आणि ती बाग मीच लावलेली, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा), खुरपं आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. (स्क्रूड्रायव्हर कशाला ते पुढं सांगतो.)

आधी जागा समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. शहराच्या जुळे सोलापूर भागातला साधा बंगला, दक्षिणेकडच्या कंपाउंडला लागून चार फूट रुंद आणि चाळीसेक फूट लांब पट्टा. एका बाजूला सहा फुटी भिंत, दुसऱ्या बाजूला पेव्हर ब्लॉकचा रस्ता. काकूंना फुलझाडांचा कंटाळा आलेला, रोज पाकळ्या झाडायला लागतात म्हणून, आणि मुलगी कॅनडात असते तिनं फोटो पाठवलेले शोभेच्या गवतांचे, तर तसं काहीतरी बारा महिने हिरवं राहणारं लाव म्हणाल्या. आदल्या वर्षीच्या जुलैत मी लावलं ते असं: लाल फाउंटन ग्रास १४ झुडपं, पॅम्पास २, कडेनं मोंडो ग्रासची किनार म्हणजे साधारण दोनशे गड्डे, निळसर फेस्क्यूचे ९ गोळे (हे काकूंचा हट्ट म्हणून बाहेरून मागवलेले, मी नको म्हणत होतो), कोपऱ्यात वाळ्याचे ३ गड्डे आणि पाण्याच्या दगडी कुंडाशेजारी अम्ब्रेला पाम. पहिलं वर्ष सगळं झकास.

आता डिसेंबरात काय दिसलं. लाल फाउंटन ग्रास सगळं जमिनीपासून चार बोटांवर कापलेलं, दाढी केल्यासारखं. मोंडो पण कापलेलं, आणि जे थोडं वाचलं होतं त्याची टोकं तपकिरी, कागद पेटवून विझवल्यावर कड जशी दिसते तशी. फेस्क्यूचे निळे गोळे मधून पिवळे. एक पॅम्पास ठीकठाक, दुसरं बुडातून काळपट. वाळा मस्त. अम्ब्रेला पाम तर नवीन छत्र्या काढत होतं. आणि मातीवर जागोजागी पांढरी साय.

मी विचारलं, कापलं कुणी? मामा म्हणजे त्यांच्याकडं आठवड्यातून दोनदा येणारे माळीमामा, ते म्हणाले साहेबांनी सांगितलं. काका म्हणाले हिनं सांगितलं. काकू म्हणाल्या, "अरे पिल्लूनं व्हिडिओ पाठवला होता, थंडीत गवत खालपर्यंत कापायचं असतं, सगळे कापतात तिकडं." व्हिडिओ बघितला मी. माहिती चुकीची नव्हती, फक्त भलत्याच गवताची होती. तो होता मिस्कॅन्थसचा. ते गवत तिकडच्या थंडीत वरून पूर्ण वाळतं, पिवळं पडतं, आणि मग नवीन कोंब यायच्या आधी ते वाळलेलं कापून टाकतात कारण ते मेलेलंच असतं. आपल्याकडं पावसाळा सरल्यावर माळावरची कुसळी नि पवन्या जशी वाळून सोनेरी होते ना, नान्नजकडं माळढोक अभयारण्याच्या बाजूला गेलात तर दिसेल सगळीकडं, तसाच प्रकार. त्या गवताचा वरचा भाग गेला तरी जीव बुडात शाबूत असतो.

पण बारमाही हिरव्या गवताचं तसं नाही. त्याचं पान हेच त्याचं कोठार. ते थंडीत वाढ कमी करतं पण पान सोडत नाही, ऊन मिळेल तसं थोडं थोडं खात बसतं, आणि तुम्ही तेच पान कापलंत की त्याला उरलेली शिल्लक काढून जगायला लागतं, नेमकी ज्या दिवसांत नवीन पान काढायची त्याची तयारी नाही त्या दिवसांत. आता कुणी म्हणेल लाल फाउंटन तर कापतातच. कापतात, पण कधी? हे गवत म्हणजे बाजरीची चुलत बहीण, एकाच घराण्यातलं. डिसेंबरात बाजरी पेरणारा शेतकरी बघितलाय का कुणी आपल्या जिल्ह्यात? नाही ना, रात्री गार झाल्या की ती हलतच नाही. तसंच हे. फेब्रुवारीत रात्री उबदार व्हायला लागल्यावर कापलं तर पंधरा दिवसांत हिरवं, डिसेंबरात कापलं तर दोन महिने बोडकं.

इथपर्यंत केस सोपी वाटत होती. कापलं म्हणून असं झालं, विषय संपला. काकांचं पण समाधान झालं असतं, कारण दोष कॅनडाला जात होता. पण दोन गोष्टी जुळत नव्हत्या. एक, पॅम्पासला मामांनी हात लावलेला नव्हता (का, तर मागच्या वेळी त्याच्या पानानं मनगट कापलं होतं, पॅम्पासच्या पानाच्या कडेला बारीक करवत असते, वाळूचं तत्त्व असतं त्यात, उघड्या हातानं धरायचंच नाही), तरी एक पॅम्पास मरत होतं. दुसरं, काकू म्हणाल्या की टोकं तपकिरी व्हायला दिवाळीनंतर लगेचच सुरुवात झाली होती, कापायच्या कितीतरी आधी.

मग मी काय केलं, कोण आजारी आणि कोण ठणठणीत याची यादीच केली मनात. मला हे तंत्र लई उपयोगी पडतं, कारण झाडं बोलत नाहीत पण शेजारी शेजारी वेगवेगळ्या स्वभावाची झाडं असतील तर त्यांच्यातला फरक बोलतो. थंडीनं नुकसान झालं असतं तर सगळ्यात आधी कोण गेलं असतं? लाल फाउंटन. ते उष्ण देशातलं, दव गोठलं की खलास. आणि थंडीला सगळ्यात टणक कोण? फेस्क्यू, जे मूळचं युरोपातलं, बर्फाखाली राहणारं. त्याच्या मागं पॅम्पास, दक्षिण अमेरिकेतलं, इंग्लंडातल्या बागांमध्ये थंडी काढतं. इथं नेमकं उलटं झालेलं. थंडीला टणक असलेले दोघं मरायला टेकलेत आणि थंडीला नाजूक असलेलं कापलं म्हणून बोडकं आहे पण बुडं टणक आहेत त्याची, बोटानं दाबून बघितली. म्हणजे थंडी नाहीच.

मग फेस्क्यू आणि पॅम्पासला कशाचं वावडं असतं? बुडाशी पाणी साचण्याचं. आणि वाळा नि अम्ब्रेला पाम कशात खूश असतात? चिखलात. वाळा तर पाण्यात बुडला तरी जगतो, आणि अम्ब्रेला पाम हे गवत नाहीच मुळात, आपल्या शेतात डोकं उठवणारा लव्हाळा असतो ना त्याच्या कुळातलं, त्याला ओढ्याकाठचीच सवय. म्हणजे झाडांनीच सांगून टाकलं की खाली पाणी आहे.

आता स्क्रूड्रायव्हर. वरून माती कोरडी, भेगाळलेली, काका म्हणाले बघ किती वाळलंय, पाणी वाढवू का. मी स्क्रूड्रायव्हर घातला, वरचा इंचभर खरखर गेला आणि पुढं लोण्यासारखा दांड्यापर्यंत. बाहेर काढला तर काळा चकचकीत चिखल चिकटलेला आणि वास, नाल्यासारखा आंबूस. मेलेल्या पॅम्पासच्या कडेनं खुरप्यानं वीतभर खोल खड्डा केला, तर मातीचा गोळा वळून बाहुली करता येईल असा. एक मूळ हातात घेऊन दोन बोटात ओढलं तर वरची साल सटकून हातात आली आणि आत दोरा राहिला. मूळ कुजल्याची याहून साधी खूण मला माहिती नाही. चांगलं मूळ ओढल्यावर साल सोडत नाही, पांढरं असतं आणि तुटताना टचकन तुटतं.

काळ्या मातीचा हा गुण सगळ्यांना माहितीये पण बागेत कुणाला आठवत नाही. आपल्या जिल्ह्यातली रब्बी ज्वारी कशावर येते? पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर. महिनोन् महिने ओल धरून ठेवते ही जमीन, म्हणून तर डिसेंबर-जानेवारीत हुरडा खातो आपण. जी माती पाण्याशिवाय ज्वारी पिकवते तिच्यावर रोज ड्रिप सोडलं तर काय होणार. त्यात बंगल्याचं बांधकाम झालं तेव्हा त्या पट्ट्यात खाली मुरूम ठोकून दाबलेला, वर दीड फूट काळी माती, एका बाजूला भिंतीचा पाया आणि दुसऱ्या बाजूला पेव्हरचं काँक्रीट. म्हणजे हौदच झाला की तो, भोक नसलेला.

मी ड्रिपचा टायमर उघडला. सकाळी २० मिनिटं, संध्याकाळी २० मिनिटं. तासाला ४ लिटरचे ड्रिपर, म्हणजे दिवसाला प्रत्येक झाडाला पावणेतीन लिटरच्या जवळपास, आठवड्याला १८-१९ लिटर. मी काकांना जरा जोरातच म्हटलं, कुणी लावलं हे सेटिंग? काका शांतपणे म्हणाले, "तूच. एप्रिलमध्ये आला होतास बघ."

हां.

खरंच मीच लावलं होतं. एप्रिलात पारा ४२ ला टेकला होता, तेव्हा ते बरोबर होतं. पावसाळ्यात काकांनी बंद ठेवला, आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस संपल्यावर इमानदारीत परत चालू केला, आकडे तेच एप्रिलचे. ऑक्टोबरच्या उन्हात खपून गेलं. नोव्हेंबरपासून रात्री गार, दिवस लहान, गवताची तहान कमी, आणि पाणी मात्र उन्हाळ्याचं. मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं की दिवाळी झाली की टायमर बदलायचा. हे लिहून ठेवतोय कारण असल्या केसमध्ये आपण सगळे माळी लोक मालकाच्या नावानं बोटं मोडतो, आणि दहातल्या सात वेळा टायमर आपणच लावलेला असतो.

अजून एक गोष्ट जी मी लावताना बघितलीच नव्हती, ती म्हणजे सावली. हा पट्टा दक्षिणेच्या भिंतीच्या आतल्या बाजूला. मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावरून जातो, मेच्या मध्याला तर जवळपास बरोबर डोक्यावर, तेव्हा भिंतीची सावलीच पडत नाही. पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सहा फुटी भिंतीची सावली भर दुपारी बारा वाजता सुद्धा पाच फुटांपर्यंत पडते. पट्टा चार फुटांचा. म्हणजे पूर्ण पट्टा दिवसभर सावलीत, गवताची शेंडी तेवढी उन्हात. लावताना जुलै होता, कडक ऊन होतं, मी "फुल सन" म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून मी कुठल्याही दक्षिण भिंतीजवळ काही लावायचं असेल तर आधी डिसेंबरातली सावली मोजतो, नाहीतर पायानं तरी रेघ मारून ठेवतो.

राहिली मोंडोची तपकिरी टोकं. मोंडोला लोक गवत म्हणतात पण ते शतावरीच्या कुळातलं, जपान-चीनकडचं, सावलीत खूश राहणारं. सावली त्याला चालते, थोडी जास्त ओल पण चालते. मग टोकं का जळाली? मीटर काढला. बोअरचं पाणी १९०० टीडीएस. खारट म्हणावं असंच, पण आपल्याकडं बोअरला असलं पाणी बघायची सवय आहे आणि पहिल्या वर्षी त्यानं एवढं झालं नव्हतं. मी कडेकडेनं बघत गेलो तर स्वयंपाकघराच्या दाराजवळची पंधरा फूट किनार सगळ्यात जास्त जळालेली, लांब गेलं की कमी कमी. दारापाशी एक निळी बादली. काकूंना विचारलं हे काय, तर म्हणाल्या, "फिल्टरचं वाया जाणारं पाणी रे, ते टाकते ना रोज, फेकून कसं द्यायचं, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं इथं."

आरओचं सोडलेलं पाणी. बादलीत मीटर बुडवला, २८०० च्या वर. गोड पाणी तुमच्या पेल्यात येतं आणि त्यातले काढलेले क्षार या बादलीत येतात, एवढं साधं आहे ते. काकूंचा हेतू सोन्यासारखा, पाण्याची किंमत सोलापूरकराला सांगायला नको, पण त्या रोज दोन बादल्या क्षार मोंडोच्या पायाशी ओतत होत्या. पान पाणी उडवून देतं, क्षार टोकाशी साठत जातो, आणि टोक जळतं. पावसाळ्यात ते धुऊन जातं म्हणून पहिल्या वर्षी दिसलं नाही, आणि शिवाय फिल्टर त्यांनी नंतर उन्हाळ्यात घेतलेला. मातीवरची पांढरी साय तीच. जिभेला लावून बघितली मी, खारट. (मामा माझ्याकडं असं बघत होते की याला झालंय काय.)

तर मिळून असं: सावलीतला हौद, त्यात एप्रिलचं पाणी, त्यावर आरओची बादली, आणि वरून कात्री. थंडीचा गुन्हा एवढाच की तिनं गवताची तहान कमी केली.

उपाय काही थोर नव्हते. ड्रिप १२ दिवस पूर्ण बंद. काकू घाबरल्या, म्हणाल्या मरेल की रे. म्हटलं मरायचं ते पाण्यानं मरतंय. पेव्हरच्या बाजूनं तीन ठिकाणी ब्लॉक काढून खालपर्यंत चर घेतला आणि त्यात मोठी खडी भरली, पाण्याला बाहेर वाट झाली. काकांनी विचारलं वाळू मिसळू का मातीत, तर नको म्हटलं. चिकट काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळली तर ती निचरा देत नाही, उलट वाळल्यावर विटेसारखी बसते, मिसळायचीच तर अर्ध्याला अर्धी लागते आणि ती कुणी घालत नाही. त्यापेक्षा चांगलं कुजलेलं शेणखत वरून दोन इंच पसरलं, पण गवताच्या बुडापासून चार बोटं लांब. बुड उघडं राहिलं पाहिजे, वारा लागला पाहिजे त्याला. व्हिडिओत बुडावर पेंढा टाकतात तो बर्फापासून वाचवायला, आपल्याकडं तसं केलं तर उबदार ओला गोधडा होतो आणि कुजायला अजून मदत.

मामांनी कापल्यावर "जोर धरावा म्हणून" मूठ मूठ युरिया टाकला होता, हे तिसऱ्या दिवशी बोलता बोलता कळलं. कुजलेल्या मुळांवर युरिया म्हणजे पोट बिघडलेल्या माणसाला जिलेबी. दिसेल तेवढे दाणे वेचून काढले, बाकीचं नशिबावर. डिसेंबर-जानेवारीत या गवतांना खत लागतच नाही, काहीच नाही, शेणखत सुद्धा मी टाकलं ते मातीसाठी, गवतासाठी नव्हे.

क्षारासाठी नळाचं पाणी आलं त्या दिवशी, म्हणजे उजनी धरणाचं, फक्त मोंडोच्या किनारीवर एकदाच भरपूर सोडलं, चर झाल्यामुळं ते वाहून पण गेलं. निचरा नसताना हे केलं असतं तर क्षार खाली जाऊन परत वर आले असते. आणि नंतरचं पाणी दहा-बारा दिवसातून एकदा, स्क्रूड्रायव्हर घालून बघूनच. टायमर काढूनच ठेवला महिनाभर.

विंचरण्याचं सांगतो, कारण बारमाही गवताची थंडीतली खरी सेवा तीच आहे आणि ती कुणी करत नाही. बारमाही म्हणजे प्रत्येक पान अमर असं नाही. जुनी पानं एकेक करून मरतात आणि आतच अडकून राहतात, त्यामुळं झुडूप आतून कळकट दिसतं, हवा खेळत नाही. कात्री लावायची नाही. रबरी पकडीचे हातमोजे घालायचे, ते जरा ओले करायचे, आणि बुडापासून शेंड्याकडं बोटं फिरवायची, केस विंचरतो तशी. मेलेलं पान आपोआप हातात येतं, जिवंत पान धरून राहतं, ओढायला लागलं तर सोडून द्यायचं. पॅम्पासला जाड चामडी मोजे आणि फुल बाह्यांचा शर्ट. मी मोंडोला शहाणपणा करून बारीक दाताळं फिरवलं, तर सात-आठ गड्डे मुळासकट उपटून आले, कारण मुळं आधीच कुजलेली. हातानंच करायला पाहिजे होतं. आणि हे काम सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकल्यावर, म्हणजे जानेवारीच्या शेवटी करायचं, संक्रांतीच्या आधी नको, कारण वरची मेलेली पानं सुद्धा गार रात्रीत थोडं पांघरूण असतात आणि मुख्य म्हणजे तेव्हा घाई कशाचीच नसते.

विंचरताना उरलेल्या पॅम्पासमधून एक वाटीएवढी गवताची गुंडाळी निघाली. आधी उंदराचं घर वाटलं, काकू किंचाळल्याच, मग कळलं मुनियांचं जुनं घरटं, फाउंटनची लाल पाती विणलेली होती त्यात. काकांनी ते शोकेसमध्ये ठेवलंय.

हिशोब असा लागला. लाल फाउंटन १४ मधली अकरा झुडपं फेब्रुवारीच्या शेवटी फुटली, मार्चमध्ये गुडघ्याएवढी झाली, तीन गेली, तिन्ही हौदाच्या खोल टोकाची. पॅम्पास एक गेलं, एक आहे. मोंडोचे दोनशेपैकी साठेक गड्डे गेले, उरलेले मे महिन्यापर्यंत बोडके दिसत होते, पावसाळ्यात भरले. मोंडोला एकदा नको तेव्हा कापलं की वर्षभर ते आठवण ठेवतं. फेस्क्यूचे तीन गोळे जानेवारीत गेले आणि उरलेले सहा थंडीत सुधारले, छान निळे झाले, काकू मला फोटो पाठवायच्या "बघ, तू नको म्हणत होतास", आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सहाच्या सहा वाळून खडंग. फेस्क्यू म्हणजे गव्हाच्या मनाचं गवत, थंडीत खुलतं, आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही, आणि हे विकणारा सांगत नाही कारण तो थंडीत विकतो. सोलापुरात फेस्क्यू लावायचं तर शेवंतीसारखं हंगामी समजून लावा, बारमाही म्हणून नको.

रिकाम्या जागी काय? पॅम्पास परत लावायला मी तयार नव्हतो. न्यूझीलंड, कॅलिफोर्निया असल्या ठिकाणी ते बागेतून सुटून रानात पसरलंय, आणि आपल्याकडं शहराच्या बाहेर पडलं की विसेक किलोमीटरवर नान्नजचं माळरान आहे, उगीच आपल्या हातानं कशाला. लाल फाउंटनला बी जवळपास धरत नाही म्हणून ते राहू दिलं, पण हिरवं फाउंटन कुणी मागितलं तर मी देत नाही. खोल टोकाला वाळ्याचेच गड्डे फोडून लावले, जूनच्या पहिल्या पावसानंतर. गड्डे फोडायचे ते तेव्हाच, थंडीत कधीच नाही, फोडलेली जखम भरायला गरम माती लागते. काकूंना वाळा आधी आवडला नाही, "हे काय, शेतात असतं तसलं", मग एका उन्हाळी दुपारी कुंडाशेजारी पाणी मारल्यावर मुळांचा वास आला तेव्हापासून बोलल्या नाहीत काही. मोंडोच्या गेलेल्या जागी मोंडोच, पण स्वयंपाकघराच्या दारापाशी पंधरा फूट सोडून, तिथं फरशी टाकली. कारण बादली काही सुटणार नाही हे मला माहिती होतं. आता ते पाणी त्या फरशी धुवायला आणि संडासात वापरतात, पण पाहुणे आले की एखादी बादली जातेच कडेला, टोकांवरून कळतं मला.

पैशाचं विचाराल तर चर, खडी, शेणखत आणि मजुरी काकांकडून घेतली, माझ्या फेऱ्या आणि गेलेली झाडं माझ्या खिशातून. टायमर माझा होता ना.

यंदा दिवाळीच्या पाडव्याला शुभेच्छांचा फोन आला. फराळ, मुलगी आली आहे का, तब्येत, सगळं झाल्यावर काका म्हणाले, "बाकी, टायमर बदलायला येतोयस का, का परत थंडीला शिव्या घालायच्या?" भाऊबीज झाल्या झाल्या गेलो.